टेबलावरचे पंधरा खळगे

१

रविवारी सकाळी साडेनऊला आर्णीहून सरावाला आलेल्या अभिषेकनं अंगातला सगळा जोर लावून ब्रेक मारला, आणि पंधरापैकी जेमतेम चार बॉल हलले. बाकीचे लग्नात रुसलेल्या सोयऱ्यांसारखे जागच्या जागी बसून राहिले.

"भाऊ, हे काय रॅक आहे?" अभिषेक म्हणाला. "आन् तुमचा पांढरा बॉल असा भारी कायले लागते? मागं येतच नाई तो."

"त्याची सवय होते दोन दिवसांत," असं म्हणून क्लबचे सेक्रेटरी घनश्याम बोढे हसले खरे, पण कपाळावर आठी पडली. "धावजी, परत लाव बरं."

ज्यांनी पूलचं टेबल कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. खेळ सुरू होताना पंधरा बॉल त्रिकोणात मांडतात, आणि ते एकमेकांना घट्ट भिडलेले असावे लागतात. याला म्हणतात रॅक करणं. मधे फट राहिली की पांढऱ्या बॉलच्या पहिल्या दणक्याचा, म्हणजे ब्रेकचा, जोर तिथंच जिरतो आणि खेळाची सगळी मजा जाते.

वणीच्या प्रगती क्लबात हे काम बावीस वर्षं धावजी राठोड करत आला होता. टेबल झाकणं, कोळशाची धूळ झटकणं, रॅक लावणं, सगळं त्याच्याकडे. त्यानं आपला सागवानी त्रिकोण बॉलांभोवती ठेवला, मागून बोटांनी दाबून बॉल पुढं सारले आणि त्रिकोण अलगद उचलला. उचलल्याबरोबर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बॉल एकमेकांपासून सुटले. तीनदा लावून तीनदा तेच झालं.

घनश्यामभाऊंनी बॉल बाजूला केले, मोबाइलचा टॉर्च कापडावर आडवा धरला आणि "अरे बापरे!" म्हणून ओरडलेच. महिन्यापूर्वी लावलेल्या कोऱ्या हिरव्या कापडावर पंधरा खळगे होते. मसुरीच्या दाण्याएवढे, अगदी ओळीत, एकाखाली दोन, दोनाखाली तीन, असे पाच ओळींत. प्रत्येक बॉल आपापल्या खळग्यात जाऊन बसत होता, शेजाऱ्याला शिवत नव्हता.

आणि मंगळवारपासून जिल्ह्यातल्या क्लबांची स्पर्धा. वणीला पहिल्यांदाच मिळालेली.

"हे कोणाचं काम आहे ते मले सांगाची गरज नाई," घनश्यामभाऊ धावजीकडे वळून म्हणाले. "रॅक लावाच्या त्या पन्नीनं कापडाले खड्डे पडतीन, असं महिनाभर कोण बोंबलून राह्यलं होतं? तूच ना? मंग आता बरोबर पडले खड्डे! पन्नीवर नाव यावं म्हणून केलंस तू हे. आज पाचले मीटिंग आहे. उद्यापासून तू कामावर येऊ नको."

धावजीनं त्रिकोण छातीशी धरला आणि खाली पाहत उभा राहिला.

"थांबा हो घनश्यामभाऊ." कॅरमच्या खोलीतून प्रभावतीताई निखाडे बाहेर आल्या. वय एकाहत्तर, आणि कापूस खरेदीत तीस वर्षं ग्रेडर. ढिगात हात घालून चिमूटभर कापूस ओढायचा आणि धागा किती लांब, ओल किती, ते तिथल्या तिथं सांगायचं, अशी ती बाई. भल्याभल्या व्यापाऱ्यांना तिनं गप्प केलेलं. "बावीस वर्षांचा माणूस एका सकाळीत काढता काय? पाच वाजाले सात तास आहेत. मले इचारू तं द्या लोकाइले."

घनश्यामभाऊ हो-नाही करत कबूल झाले. "पण सगळं रजिस्टरात आलं पाह्यजे. नंदकिशोरजी, तुमी लेहा. तुमचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं."

नंदकिशोर घाट्यांनी रजिस्टर उघडलं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन राहिलेला माणूस. त्यांचं अक्षर खरंच देखणं होतं. त्यांनी तारीख घातली, खाली रेघ मारली आणि घनश्यामभाऊंनी सांगितलं तसं लिहिलं: संशयित, धावजी भोजू राठोड.

पेनाचं टोपण लावताना त्यांचा तळहात घामानं ओला झाला होता. कारण ते पंधरा खळगे नंदकिशोररावांनी स्वतःच्या हातानं पाडले होते.

२

आता हा माणूस चोर नाही की लबाड नाही. उगाच त्याच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको.

झालं असं. बॉल कशानं रॅक करायचे यावरून क्लबात महिनाभर भांडण पेटलेलं. टेबलाबरोबर आलेला प्लास्टिकचा त्रिकोण होता. धावजीनं स्वतः रंधून केलेला सागवानी होता. आणि मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या पियूषनं मागवलेली ती पन्नी, म्हणजे भोकं पाडलेला पातळ पारदर्शक तुकडा. बॉल भोकांवर ठेवले की आपोआप भिडतात. कमिटीनं ठरवलं, तिन्हींची रीतसर परीक्षा होऊ द्या. ती कोणी घ्यायची? "नंदकिशोरजींनी. ते खेळाच्या काठीले हात लावत नाईत, तवा त्याइचा कोणावर राग नाई न् लोभ नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या.

नंदकिशोररावांनी प्रत्येकाचे वीस-वीस ब्रेक मारून घेतले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून रजिस्टरात टिपले. प्लास्टिकच्या बाजू वाकत. वीसपैकी चौदा वेळा फट राहिली. सागवानीची फट पाच वेळा, पण वेळ लागे, आणि हात धावजीचाच हवा. पन्नीची फट फक्त दोनदा. मात्र ती ब्रेकनंतरही टेबलावर राही, आणि हळू चाललेला बॉल तिच्या काठावर आला की वाकडा जाई.

एखादा म्हणाला असता, झालं, लिहा अहवाल. पण चौतीस वर्षांत ज्याच्या एकाही नकाशावर लाल पेनाची खूण झाली नाही, त्याला एवढ्यानं चैन पडेना. त्यांनी वाचलं होतं की आणखी एक चौथी पद्धत आहे. मापाची शीट करायची, तिच्या प्रत्येक भोकात बॉल ठेवून वरून दुसऱ्या बॉलनं टकटक ठोकायचं. कापडात प्रत्येक बॉलची बैठक तयार होते. शीट काढून टाकली की पुढं ना त्रिकोण लागतो, ना पन्नी. हे आपण करून दाखवलं तर? अहवालाच्या शेवटी, स्वतःच्या नकाशासकट?

घरात नकाशाची फिल्म उरलेली होती. बॉलच्या डब्यातून त्यांनी सगळ्यात स्वच्छ बॉल उचलला, ज्यावर आकडा नाही की पट्टा नाही, आणि व्हर्निअर लावून माप घेतलं. अठ्ठावन्न मिलिमीटर आणि वर एक दशांश. चांगले दोन दिवस ते त्या नकाशावर वाकलेले होते. शुक्रवारी दुपारी धावजी जेवायला गेला. परीक्षेसाठी मिळालेली किल्ली खिशात होतीच. फिल्म अंथरली, एकेक बॉल घेऊन ठोकला, फिल्म गुंडाळली. आता सगळे बॉल मांडून त्रिकोणाशी ताडून पाहायचे म्हणून त्रिकोण टेबलावर ठेवला, तेवढ्यात बाहेर धावजीची सायकल वाजली. नंदकिशोररावांनी घाईनं सगळं उचललं आणि फिल्मची गुंडाळी काखेत मारून बाहेर पडले. बॉल बसले कसे, ते पाहायचं राहूनच गेलं. शनिवारी स्पर्धेच्या तयारीत टेबल झाकलेलंच होतं.

सकाळी तोंड उघडायचं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण घनश्यामभाऊ एकदम धावजीवर घसरले, आणि मग तो क्षण गेला. अशा वेळी एक क्षण गेला की दुसरा त्याहून जड होतो.

शिवाय मनात एक पळवाट होती. नकाशा बरोबर होता! माप बरोबर, कोन बरोबर. मग बॉल भिडायलाच हवे होते. भिडत नाहीत, म्हणजे आपल्यानंतर कोणीतरी काहीतरी केलंय. कोणी? ते सापडू दे, मग सांगू. अशी स्वतःची समजूत घालून ते रजिस्टर घेऊन प्रभावतीताईंच्या मागं निघाले.

३

पहिला नंबर पियूषचा.

"मी काहून करीन ताई? माह्या पन्नीचा नंबर पहिला येऊन राह्यला होता," पियूष म्हणाला. "धावजीकाका तं रोज म्हणत, ही पन्नी कापड खाईन. आता खाल्लं. समजून घ्या."

"आण ती पन्नी."

प्रभावतीताईंनी पन्नी खळग्यांवर अंथरली. सगळ्यात पुढचं भोक पुढच्या खळग्यावर बरोबर बसवलं आणि चष्मा काढून जवळून पाहिलं. दुसऱ्या ओळीत भोक आणि खळगा जरासे हटलेले. तिसऱ्या ओळीत आणखी. पाचव्या ओळीत तर दोन्ही टोकांचे खळगे भोकांतून सरळ बाहेर डोकावत होते.

"ही पन्नी नाई," त्या म्हणाल्या. "लेहा नंदकिशोरजी. खळगे पन्नीपेक्षा दूरदूर आहेत."

"दूरदूर?" नंदकिशोरराव चपापले.

"लेहा तं खरं."

त्यांनी लिहिलं. पन्नी कारखान्यात मापानं कापलेली होती, आणि त्यांची फिल्मही मापानं कापलेली. दोन बरोबर मापं एकमेकांशी जुळत का नाहीत?

मग धावजी. तो पायरीवर बसला होता, त्रिकोण मांडीवर. सागाच्या वरच्या अंगाला, पुढच्या टोकाशी, हळदीकुंकवाचा जाड ठिपका होता. खंडेनवमीला धावजीची बायको सुखीबाई क्लबात येई आणि नवऱ्याच्या या एका हत्याराची पूजा करून जाई. यंदाचा ठिपका अजून पुसट झाला नव्हता.

"शुक्रवारी जेवून आलास तवा टेबल कसं होतं?" प्रभावतीताईंनी विचारलं.

"चांगलं होतं."

"झाकण कोणी घातलं?"

"मीनंच. ब्रश मारला न् झाकलं."

"काही दिसलं नाई?"

"नाई ताई." त्यानं मान वर केली, आणि त्याची नजर प्रभावतीताईंवरून घसरून नंदकिशोररावांवर येऊन थांबली. फार वेळ नाही. "सायेब, अपेक्षाचा फोन आलता काल. तुमाले नमस्कार सांगतला तिनं. नकाशाच्या पेपरात वर्गात पहिली आली."

अपेक्षा ही धावजीची मुलगी, यवतमाळला पॉलिटेक्निकला होती. दोन वर्षं नंदकिशोररावांनी तिला घरी बसवून ड्रॉइंग शिकवलं होतं, एक पैसा न घेता. "माप घेतल्याशिवाय रेघ मारायची नाही," हे वाक्य तिला त्यांनी हजारदा ऐकवलं असेल. आता त्यांना "छान, छान" एवढंच म्हणता आलं आणि तेही धड ऐकू गेलं नसावं.

प्रभावतीताईंनी पदराच्या गाठीतून कापसाचा बोंडभर पुंजका काढला. ही त्यांची जुनी खोड. तो पुंजका त्यांनी टेबलाच्या कापडावर, पहिल्या खळग्याच्या पुढं, हळूच फिरवला आणि उजेडात धरला. पांढऱ्या कापसावर गुलाबी छटा आली होती. मग कोपऱ्यातला ब्रश घेतला, केसांत बोट घातलं. बोटही गुलाबी.

"कुंकू," त्या म्हणाल्या. "कोणीतरी त्रिकोण पालथा ठेवला होता टेबलावर. कुंकू खाली. आन् मागून कोणीतरी ब्रशनं पुसलं."

घनश्यामभाऊ पुढं झाले. "ब्रश कोणाच्या हातात असते? धावजीच्या! सापडला ना?"

धावजी उठून आत निघून गेला.

४

दुपारी नंदकिशोरराव जेवायला म्हणून घरी गेले आणि जेवलेच नाहीत. बायको मधुवंती म्हणाली, "अहो, आमटी गार होतेय." त्यांनी कपाट उघडून फिल्म काढली, पलंगावर पसरली आणि पुन्हा एकेक अंतर मोजलं. अठ्ठावन्न, एक दशांश. अठ्ठावन्न, एक दशांश. सगळीकडे तेच. केसाइतकाही फरक नाही.

"चूक नाही," ते मोठ्यांदा म्हणाले.

"कशाची?"

"कशाची नाही."

त्रिकोण पालथा ठेवलेला त्यांना आठवत होता. त्यावेळी घाई होती. वरचं अंग कोणतं, खालचं कोणतं, कोण पाहतंय? पण धावजीनं कुंकू पुसलं हे त्यांना माहीत नव्हतं. का पुसलं? आपलंच टेबल खराब करणाऱ्याची खूण माणूस कशाला पुसेल? हा प्रश्न त्यांना मुळीच आवडला नाही, म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. फिल्म परत ठेवायची की फाडायची यात पाच मिनिटं गेली. फाडायला हात धजेना. चौतीस वर्षांची सवय, स्वतःचा नकाशा फाडवत नाही.

तीन वाजता क्लबात आले तर प्रभावतीताई टेबलाशी वाकलेल्या. डोळे मिटून बोटांची टोकं खळग्यांवरून फिरवत होत्या.

"आले का? बरं झालं. तुमचं ते मापाचं हत्यार आहे ना झोळीत? जरा मोजून द्या. माह्यं बोट सांगते, पण बोटाचं कमिटी ऐकत नाई."

नाही कसं म्हणणार? त्यांनी व्हर्निअर काढलं. खळग्याच्या मधापासून शेजारच्या खळग्याच्या मधापर्यंत.

"अठ्ठावन्न. वर एक दशांश."

"सगळे तेवढेच?"

"सगळे."

"वा," प्रभावतीताई म्हणाल्या. "कोणाचं तरी काम लय नेटकं आहे. आता हा बॉल मोजा." त्यांनी सात नंबरचा बॉल पुढं केला.

"सत्तावन्न. वर एक." त्यांनी व्हर्निअर पुन्हा एकदा लावून पाहिलं.

"हा?" अकरा नंबर.

"सत्तावन्न, एक."

प्रभावतीताईंनी तिसरा बॉल काही दिला नाही. त्या नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. नंदकिशोररावांना वाटलं, आता विचारतील. पण त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "झालं माह्यं काम. चहा सांगा. पाच वाजाले अजून येळ आहे."

तो वेळ त्या आपल्याला देतायत, हे त्यांना कळलं. कळूनही ते चहा सांगायलाच गेले.

५

पाच वाजता कमिटीचे सात जण, पियूष, अभिषेक आणि दाराशी उभा धावजी, असे सगळे टेबलाभोवती जमले. नंदकिशोरराव रजिस्टर मांडीवर घेऊन नेहमीच्या खुर्चीवर.

"तीन गोष्टी सांगतो," प्रभावतीताई म्हणाल्या. कामावर असल्यापासून त्यांना पुरुषांसारखं 'सांगतो' म्हणायची सवय. "पहिली. हे काम पन्नीचं नाई. पन्नी बसतच नाई त्याच्यावर. दुसरी पन्नी होती, घरी केलेली, आन् ती आज इथं नाई."

"धावजीनं केली असन," घनश्यामभाऊ म्हणाले.

"दुसरी गोष्ट त्याचीच आहे. ज्यानं हे केलं त्यानं त्रिकोण पालथा ठेवला. सुखीबाईनं कुंकू लावलं तवापासून धावजीनं तो एकदा तरी पालथा ठेवल्याचं कोणी पाह्यलं का? सांगा. खिळ्याले टांगतानाही तो कुंकू वर ठेवते. त्यानं ठेवला नाई. पण पुसलं मात्र त्यानं. म्हणजे त्याले माहीत आहे कोण ते, आन् तो कोणाले तरी वाचवून राह्यला."

बाहेरून कोळशाचा ट्रक गेला तशा खिडकीच्या काचा थरथरल्या.

"तिसरी. आपले पंधरा बॉल सत्तावन्नचे. खळगे अठ्ठावन्नवर. मंग अठ्ठावन्नचा बॉल या क्लबात आहे का? आहे. एकच." त्यांनी खिशातून काढावा तसा पदराखालून पांढरा बॉल काढून टेबलावर ठेवला. "जुना पांढरा तडकला तवा घनश्यामभाऊंनी दुसऱ्या दुकानातून हा आणला. जरा दांडगा आहे. अभिषेक एका ब्रेकमंधी बोलला, भारी लागते म्हणून. पियूषले ठाऊक. धावजीले ठाऊक. इथं काठी धरणाऱ्या प्रत्येकाले ठाऊक. ज्यानं माप घेतलं त्यानं हाच बॉल मोजला, न् बाकीचे पंधराही एवढेच असतीन असं धरून चालला. म्हणजे तो माणूस मापाचा पक्का आहे, पण खेळत नाई."

नंदकिशोररावांनी टेबलावरच्या पांढऱ्या बॉलकडे पाहिलं. तर हे होतं. कोणी मागून येऊन काही केलं नव्हतं. एक स्वच्छ बॉल. बाकीचे मोजावेत असं त्यांना वाटलंच नव्हतं. माप घेतल्याशिवाय रेघ मारायची नाही म्हणे! पंधरा बॉलांची रेघ त्यांनी सोळाव्याच्या मापानं मारली होती. सकाळपासून ज्या पळवाटेवर ते उभे होते ती पायाखालून गेली.

"आन् एक सांगतो," प्रभावतीताईंचा आवाज जरा खाली आला. "वाईट कराचं म्हणून कोणी एवढं मोजून-मापून करत नाई. चांगलंच कराचं होतं त्याले. नाव मी सांगत नाई. ज्याचं त्यानं..."

"मीनंच केलं." धावजी दारातून पुढं आला. "ताई उगाच फिरवून राह्यल्या. मीनंच केलं, त्रिकोणही मीनंच पालथा ठेवला. लेहा सायेब. मी उद्यापासून येत नाई."

"मी म्हणतच होतो!" घनश्यामभाऊंनी मांडीवर थाप मारली. "लेहा नंदकिशोरजी. कबुली लेहा न् त्याचा अंगठा... सही घ्या."

नंदकिशोररावांनी पेन कागदाला टेकवलं. 'धावजी भोजू राठोड यांनी' इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द 'कबूल' होता, त्यांना स्पष्ट दिसत होता. क चा गोल त्यांनी काढलासुद्धा. आणि तिथंच पेन रुतलं. माणसाला आपण किती खाली जाऊ शकतो ते कधीकधी एका अक्षराच्या मधोमध कळतं. त्यांना ते कळलं, आणि स्वतःची इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"मी केलं," ते म्हणाले.

"काय?" घनश्यामभाऊ वळले.

"मी केलं. शुक्रवारी दुपारी. फिल्म माझ्या कपाटात आहे. धावजीचा काही संबंध नाही." ते उभे राहिले, रजिस्टर मांडीवरून घसरून खाली पडलं. "सकाळीच सांगायला हवं होतं मी. तुम्ही त्याला नको नको ते बोललात आणि मी ते लिहून घेतलं."

पियूष खाली बघू लागला. घनश्यामभाऊ "तुमी? अरे देवा, नंदकिशोरजी, तुमी?" एवढंच म्हणाले. मग धावजीकडे पाहून, "तू तरी सांगाचं बाप्पा!" असं उलट त्याच्यावरच चिडले, पण त्या चिडण्यात दम नव्हता.

स्पर्धेचं काय, ते मग धावजीनंच सांगितलं. ओलं फडकं अंथरून वरून कोमट इस्त्री फिरवली तर कापडाची लव बरीचशी उठते. बाकी राहिलं तर रॅकची जागा बोटभर पुढं घ्यायची, आर्णीवाले समजून घेतील. अभिषेक म्हणाला, घेऊ. घनश्यामभाऊ इस्त्री आणायला स्वतः गेले.

खोली रिकामी झाल्यावर नंदकिशोरराव धावजीजवळ आले. "तुला कधी कळलं?"

"शुक्रवारीच. तुमच्या काखेत ते गुंडाळं होतं. अपेक्षाले शिकवत तवा तसंच असे. आत येऊन पाह्यलं तं कुंकू टेबलाले लागलेलं. म्हटलं, सायबांनी काही मोजलं असन. पुसून टाकलं. खळगे मले तवा दिसले नाई, आज दिसले."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"तुमी बोलान म्हणून." त्यानं फडकं पाण्यात बुडवलं आणि पिळलं. "मी पाहून राह्यलो होतो तुमच्याकडं. आता बोलतीन, मंग बोलतीन. तुमी रजिस्टर उघडलं."

"धावजी, मला माफ कर."

खाली पडलेलं रजिस्टर धावजीनं उचललं, फडक्याच्या कोरड्या टोकानं पुसलं आणि सकाळचं पान उघडून बराच वेळ पाहत राहिला. तारीख, खाली सरळ रेघ, आणि रेघेखाली त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकेक काना-मात्रा कोरून काढलेली.

"अक्षर लय सुरेख आहे सायेब तुमचं," तो म्हणाला. "माह्यं नाव इतकं सुरेख आजवर कोणीच लेहलं नोतं. हात जरासाही हालला नाई तुमचा."

रजिस्टर त्यानं त्यांच्या हातात दिलं आणि तो टेबलावर ओलं फडकं अंथरायला वाकला.